मोडलेल्या ड्रिलचा गुन्हेगार कोण?

कठीण पोलादातील कंप, हत्याराची झीज आणि कामगाराच्या पगारावरील डल्ला

देशातील यंत्रशाळांत, मग त्या भोसरी-सातपूरच्या असोत, लुधियाना-राजकोटच्या असोत की कोइमतूर-जमशेटपूरच्या, एक शेरा वर्षानुवर्षे डोळे मिटून लिहिला जात आला आहे. कठीण पोलादाला भोक पाडताना ड्रिल मोडले की पाळीच्या नोंदवहीत नोंद होते: ‘ऑपरेटरची चूक’. दोन शब्दांत चौकशी संपते, निकाल लागतो आणि शिक्षाही ठरते. यंत्राचे स्पिंडल किती ढिले होते, जॉब कशावर टेकला होता, ड्रिलला धार कोणी आणि कशी लावली होती, ठरवून दिलेला वेग त्या पोलादाला मानवणारा होता काय, यांपैकी एकही प्रश्न विचारला जात नाही. कायम कामगाराच्या हाती मेमो पडतो, कंत्राटी कामगाराच्या पगारातून पैसे जातात आणि शिकाऊ उमेदवाराला दुसऱ्या दिवसापासून झाडलोटीच्या कामाला जुंपले जाते.

हा शेरा अन्यायकारक तर आहेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की तो अशास्त्रीय आहे. धातुकर्तनाच्या शास्त्राने गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जे सिद्ध केले आहे, त्याच्या तो थेट विरोधात जातो. कंप आणि झीज हे यंत्र, हत्यार, जॉब आणि त्यांना दिलेली गती यांच्या मिळून बनलेल्या एका व्यवस्थेचे गुणधर्म आहेत, असे हे शास्त्र सांगते. या व्यवस्थेतील बहुतेक सर्व गोष्टींवर निर्णयाचा अधिकार कामगाराच्या हाती नसून मालकाच्या हाती असतो. ज्याच्या हाती निर्णय त्याच्या शिरी जबाबदारी, हा साधा न्याय यंत्रशाळेच्या दारापाशीच का थांबावा?

ड्रिलच्या टोकाशी काय घडते

नेहमीचे पिळाचे ड्रिल अमेरिकेतील स्टीफन मोर्स याने १८६३ साली पेटंट केले. दिसायला साधे असलेले हे हत्यार प्रत्यक्षात यंत्रशाळेतील सर्वांत अवघड परिस्थितीत काम करते. लेथवरचे टूल उघड्यावर कापते, त्याची धार डोळ्यांना दिसते. ड्रिल मात्र भोकाच्या आत, नजरेआड, स्वतःच काढलेल्या किसाच्या गर्दीत कापत असते. त्याच्या दोन धारा बाहेरच्या कडेला सर्वांत वेगाने फिरतात. मध्यावर वेग शून्य असतो. दोन धारांना जोडणारी मधली आडवी कड, जिला कामगार ‘चिझल एज’ म्हणतात, ती खऱ्या अर्थाने कापत नाही. धातू दाबून, चेपून बाजूला सारते. म्हणूनच ड्रिलला आत रेटण्यासाठी लागणाऱ्या एकूण दाबापैकी निम्मा किंवा त्याहूनही अधिक दाब या इवल्याशा कडेवर खर्च होतो.

पोलाद मऊ असेल तर हे सारे निभावून जाते. कठीण मिश्र पोलाद समोर आले की प्रत्येक दोष उघडा पडतो. बाहेरच्या कोपऱ्यावर वेग अधिक, म्हणून उष्णता अधिक. तेथील धार प्रथम गोल होते, मग जळते. मध्यावर दाब अधिक. तेथे कड चुरते. धार बोथटली की दाब आणि पीळ वाढतो. दाब वाढला की ड्रिल वाकते आणि थरथरते. थरथरीने धारेचे कण उडतात. आणि धारेचे कण उडाले की दाब आणखी वाढतो. हे दुष्टचक्र काही सेकंदांत पूर्ण होऊ शकते. टंग्स्टन कार्बाइडचे ड्रिल हायस्पीड स्टीलपेक्षा कितीतरी कठीण असते आणि उष्णता अधिक सोसते. परंतु ते तितकेच ठिसूळ असते. संथ झीज ते सहन करते, धक्के सहन करत नाही. म्हणजे हत्यार जितके महाग, तितका त्याला कंपाचा धोका अधिक.

त्यातही पोलादा-पोलादात फरक आहे. हॅडफिल्डने १८८२ साली शोधलेले मँगनीज पोलाद घासले गेले की तेथल्या तेथे अधिक कठीण होते. अशा पोलादात ड्रिल हळू रेटणे म्हणजे सावधगिरी नव्हे, तर आत्मघात होय. धार कापण्याऐवजी घासत राहते आणि पुढचा थर मागच्याहून टणक बनतो. तेथे फेरे कमी आणि फीड ठाम हवे. ‘नीट, सांभाळून चालव’ हा वरून आलेला मोघम हुकूम या बाबतीत निव्वळ निरुपयोगी ठरतो. कोणत्या पोलादाशी गाठ आहे, हेच ज्याला सांगितले जात नाही, त्याने सांभाळायचे तरी काय?

कंपाचे शास्त्र कोणाला दोषी ठरवते?

कामगार ज्याला ‘मशीन चॅटर मारते’ म्हणतात, त्या कंपाचे कारण बराच काळ गूढ मानले जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते उलगडले. सोव्हिएत संघात ड्रोझ्डोव्ह यांनी १९३७ साली आणि काशिरिन यांनी १९४४ साली, म्हणजे ऐन महायुद्धाच्या धामधुमीत, कर्तनातील कंपावरील संशोधन प्रसिद्ध केले. ब्रिटनमध्ये अर्नोल्ड यांनी १९४६ साली, टोबायस आणि फिशविक यांनी १९५८ साली या प्रश्नावर काम मांडले. प्राग येथील यंत्रसंशोधन संस्थेत तलुस्ती आणि पोलाचेक यांनी १९५० च्या दशकात याच दिशेने काम करून १९६३ साली आपले निष्कर्ष जगापुढे ठेवले. वेगवेगळ्या समाजव्यवस्थांत राहून या संशोधकांनी हाताळलेला प्रश्न एकच होता, आणि त्यातून उभे राहिलेले उत्तरही एकच आहे.

ते उत्तर असे. धार पोलादावरून जाते तेव्हा किंचितशा थरथरीमुळे मागे बारीक लाटा उमटतात. पुढच्या फेरीत धार त्याच लाटांवरून जाते. त्यामुळे कीस कधी जाड, कधी पातळ निघतो. त्यामुळे दाब कमी-जास्त होतो. आणि त्या बदलत्या दाबाने थरथर आणखी वाढते. ड्रिलला दोन धारा असल्यामुळे एका धारेने ठेवलेली लाट अर्ध्याच फेऱ्यात दुसरीला भेटते. यंत्र पुरेसे ताठ असेल आणि कंप जिरवू शकत असेल तर ही साखळी तुटते. नसेल तर ती फुगत जाते. ड्रिलचा पीळ या संकटात भरच घालतो. फिरण्याचा जोर वाढला की ड्रिल किंचित उलगडते आणि लांब होते, जोर ओसरला की आखूड होते. म्हणजे ते पिळाच्या दिशेने आणि लांबीच्या दिशेने एकाच वेळी थरथरते. यंत्रशाळेत कानठळ्या बसवणारी कर्कश किंकाळी उठते ती येथूनच. याउलट ड्रिल आडवे डगमगू लागले की भोक गोल न राहता त्रिकोणी किंवा पंचकोनी बनते. तपासनीस तोच जॉब ‘रिजेक्ट’ करून पुन्हा कामगाराच्या नावावर मांडतो.

आता या साखळीतील एकेका कडीची जबाबदारी तपासून पाहावी. स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये आलेला ढिलेपणा देखभालीचा आहे. रेडियल ड्रिल मशीनचा आर्म आणि कॉलम घट्ट आवळले जात नसतील तर तो दोष झिजलेल्या क्लॅम्पचा आहे. स्लीव्हचा टेपर खरवडलेला असेल आणि ड्रिल ‘रनआउट’ मारत असेल तर ती स्लीव्ह बदलण्याची मागणी भांडार खात्याकडे महिनोन्महिने पडलेली असते. आखूड ड्रिल उपलब्ध नाही म्हणून लांब ड्रिल लावायला सांगितले जाते. ज्याने उच्च माध्यमिकातील यांत्रिकी शिकली आहे त्यालाही कळेल की बाहेर निघालेली लांबी दुप्पट झाली तर आडव्या दाबाखाली होणारा वाक आठपट होतो. जॉब कशावर टेकवायचा, त्यासाठी फिक्श्चर द्यायचे की नाही, हे नियोजन विभाग ठरवतो. धार लावण्याचे यंत्र घ्यायचे की कामगाराला बाकड्यावरच्या ग्राइंडरवर अंदाजाने धार लावायला सोडायचे, हे खरेदी विभाग ठरवतो. दोन धारांपैकी एक केसभर जरी लांब राहिली तरी सारा भार एकीवर येतो आणि ड्रिल डगमगू लागते. फेरे किती आणि फीड किती, हे तर कागदावर छापूनच येते.

भोक आरपार जाण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा. दाबाखाली यंत्राचा आर्म वर उचललेला असतो, धनुष्यासारखा ताणलेला असतो. ड्रिलचे टोक खालून बाहेर पडताच दाब एकाएकी नाहीसा होतो, आर्म झटक्याने खाली येतो, धारा उरलेल्या पोलादात नको तितक्या खोल रुततात आणि ड्रिल तडकते; जॉब नीट आवळलेला नसेल तर तो गरगर फिरून कामगाराची बोटेही घेऊन जातो. हा सारा खेळ यंत्राच्या लवचीकतेचा आहे. परंतु त्या क्षणी फीडच्या दांड्यावर हात कामगाराचा असतो, एवढ्या एका पुराव्यावर त्याला दोषी ठरवले जाते.

टेलरची कबुली

कर्तनाचा वेग कागदावर छापून खाली पाठवण्याची ही पद्धत कोणी रूढ केली? अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने. त्याने १८८० साली सुरू केलेले प्रयोग सव्वीस वर्षे चालले. ८ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३ लाख ६० हजार किलो धातूचा त्यात कीस झाला. सन १९०६ मध्ये त्याने हे सारे निष्कर्ष अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. या कामाची शास्त्रीय किंमत नाकारण्याचे कारण नाही. हायस्पीड स्टीलवरील त्याचे आणि व्हाइटचे काम तसेच वेग आणि हत्याराचे आयुष्य यांचे नाते सांगणारे त्याचे सूत्र आजही यंत्रशाळेचा पाया आहे. लेनिन यांनी १९१३-१४ मध्ये टेलरपद्धतीला घाम गाळून घेण्याचे शास्त्र म्हणून झोडपले आणि १९१८ मध्ये तिच्यातील जे शास्त्रीय आहे ते तपासून आत्मसात करण्यासही सांगितले, ते याच दुहेरी स्वरूपामुळे.

परंतु टेलरचा हेतू केवळ पोलाद कापण्याचा नव्हता. कामगाराच्या डोक्यातील ज्ञान काढून घेऊन ते नियोजनाच्या कचेरीत कुलूपबंद करायचे आणि कामगाराकडे फक्त हुकमाची अंमलबजावणी ठेवायची, हे त्याच्या व्यवस्थापनशास्त्राचे उघड सूत्र होते. या सूत्राला कामगारांनी दिलेले उत्तरही इतिहासात नोंदले गेले आहे. वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारातील ओतकामगारांनी ऑगस्ट १९११ मध्ये स्टॉपवॉचविरुद्ध संप केला. अमेरिकन काँग्रेसने त्याची चौकशी केली, आणि १९१५ पासून सरकारी लष्करी कारखान्यांत घड्याळ लावून काम मोजण्यासाठी पैसा खर्च करण्यास बंदी घालण्यात आली.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवी. एवढे प्रयोग करणाऱ्या टेलरने त्याच १९०६ च्या निबंधात कबूल केले की चॅटर हा यंत्रकामगारापुढील सर्वांत दुर्बोध आणि नाजूक प्रश्न असून त्यासाठी कामगाराला मार्गदर्शक ठरेल असे सूत्र बहुधा देता येणार नाही. ज्ञान कामगाराच्या डोक्यातून काढून घेण्याची प्रतिज्ञा केलेल्या माणसाने नेमक्या येथे हात टेकले! जे ज्ञान कचेरी देऊ शकली नाही, त्याच्या अभावाबद्दल कामगाराला दंड करण्याचा अधिकार मात्र कचेरीने आपल्याकडे ठेवला.

टेलरचे जे सूत्र खरे ठरले, तेही मालकवर्ग अर्धेच वाचतो. हायस्पीड स्टीलसाठी टेलरने काढलेल्या घातांकानुसार वेग १० टक्क्यांनी वाढवला तर हत्याराचे आयुष्य निम्म्याहूनही खाली येते; वेग २० टक्क्यांनी वाढवला तर ते एक-चतुर्थांशही उरत नाही. म्हणजे महिनाअखेरचे उद्दिष्ट गाठण्यासाठी ‘थोडासाच’ वेग वाढवण्याचा आदेश येतो, तेव्हा ड्रिले दुपटीने संपणार हे गणिताने आधीच ठरलेले असते. वेग वाढल्याने जास्त निघालेले उत्पादन मालकाच्या खात्यावर जमा होते आणि जास्त संपलेल्या ड्रिलांचा खर्च कामगाराच्या नावावर पडतो. यालाच जर व्यवस्थापनशास्त्र म्हणायचे असेल, तर वाटमारीला वाहतूकशास्त्र म्हणण्यास हरकत नसावी.

बीजिंगच्या एका फिटरचा धडा

कामगाराच्या हाती निर्णय आला म्हणजे काय घडते, याचे उत्तर ड्रिलच्याच इतिहासात आहे. सन १९५३ मध्ये बीजिंगच्या योंगडिंग यंत्र कारखान्यात कठीण मिश्र पोलादाच्या भागांना भोके पाडण्याचे काम आले. नेहमीची ड्रिले भराभर जळू लागली. तेथील नी झिफू या वीस वर्षांच्या फिटरने जळकी ड्रिले भंगारात न टाकता ती कोठे आणि कशी झिजली आहेत हे निरखले. झीज सर्वत्र सारखी नव्हती. बाहेरचे कोपरे आणि मधली कड हीच दोन मर्मस्थाने होती. त्याने प्रत्येक धारेवर अर्धचंद्राकृती खाच घासली आणि मधली कड आखूड व बुटकी केली. एका टोकाची तीन टोके झाली, दोन सरळ धारांच्या जागी लहान लहान सात धारा आल्या.

या बदलाचे शास्त्र नंतर उलगडले. मधली कड आखूड झाल्याने दाब पुष्कळच घटला. चिनी तंत्रग्रंथ ही घट सुमारे एक-तृतीयांश ते निम्मी इतकी सांगतात. खाचांमुळे भोकाच्या तळाशी पोलादाची एक गोल कड शिल्लक राहते; तिच्यात ड्रिल बसून राहते, त्यामुळे आडवी डगमग आवरली जाते. कीस अरुंद तुकड्यांत फुटून बाहेर पडतो. म्हणजे दाब, कंप आणि उष्णता या तिन्ही आघाड्यांवर एकाच वेळी मात झाली, आणि तीही नवे यंत्र वा महाग धातू न वापरता, केवळ धार लावण्याच्या पद्धतीत बदल करून.

परंतु या घटनेकडे एका हुशार तरुणाची सुरस कथा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. मोडलेल्या आणि जळलेल्या ड्रिलांची चौकशी तेथे गुन्हेगार शोधण्यासाठी न होता कारण शोधण्यासाठी झाली, हे तिचे मर्म आहे. कारखान्यातील इतर कामगार, तंत्रज्ञ आणि तांत्रिक विद्यालयातील अध्यापक त्या कामात सामील झाले. पितळ, ओतीव लोखंड, पातळ पत्रा अशा निरनिराळ्या कामांसाठी धारेचे निरनिराळे आकार सिद्ध झाले. प्रारंभी हे ड्रिल नी झिफू यांच्या नावाने ओळखले जाई. पुढे १९६० च्या दशकात त्यांच्याच आग्रहावरून त्याला ‘छुन झुआन’, म्हणजे समूहाचे ड्रिल, असे नाव मिळाले. हेच नी झिफू १९७८ मध्ये चीनच्या कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले. आपल्याकडील नोंदवहीच्या रिवाजाप्रमाणे १९५३ साली त्यांच्या नावापुढे फक्त ‘ऑपरेटरची चूक’ असा शेरा पडला असता, आणि ते ड्रिल जन्मालाच आले नसते.

भारतीय कामगारात ही कुवत नाही, असे कोणी म्हणेल काय? त्याच १९५३ साली बंगळूरला एचएमटीची स्थापना झाली. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमधील अवजड मशीन टूल्सचा कारखाना चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने उभा राहिला, आणि १९६२ साली बंगळूरची मध्यवर्ती यंत्रसंशोधन संस्थाही त्याच देशाच्या तांत्रिक साहाय्याने सुरू झाली. म्हणजे कंपाचे शास्त्र ज्या देशात घडत होते तेथूनच ते थेट भारताच्या दारी येण्याची वाट मोकळी होती. ते सार्वजनिक पैशाने आले. पण सार्वजनिक क्षेत्राच्या भिंतींबाहेरील हजारो लहान यंत्रशाळांत ते कामगाराच्या हाती पोचवण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला नाही. पुढे खाजगीकरणाच्या धोरणाने सार्वजनिक यंत्रउद्योगच रोडावत नेला, आणि कुशल फिटरांची एक पिढी आपले ज्ञान पुढच्या पिढीच्या स्वाधीन न करताच स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी पाठवली गेली.

‘सेन्सरच्या युगा’चा युक्तिवाद

यावर मालकवर्गाचे प्रवक्ते म्हणतील की हे सारे जुन्या रेडियल मशीनचे पुराण झाले. आता सीएनसी आहे, आतून कूलंट सोडणारी लेप दिलेली कार्बाइड ड्रिले आहेत, स्पिंडलवरील भार आणि कंप मोजणारे सेन्सर आहेत. कामगाराच्या कौशल्याचा प्रश्नच उरलेला नाही.

हा युक्तिवाद स्वतःच्याच पायांवर कुऱ्हाड मारतो. वेग, फीड आणि ड्रिल बदलण्याची संख्या जर प्रोग्रामने ठरत असेल आणि ऑपरेटरला त्यात बदल करण्याची मुभा नसेल, तर मोडलेल्या ड्रिलची जबाबदारी त्याच्यावर येतेच कशी? कौशल्य काढून घेतले म्हणायचे आणि चूक मात्र त्याच्याच हाताची म्हणायची, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता येत नाहीत. शिवाय सेन्सर कंप मोजतो. तो कंप का झाला हे सेन्सर ठरवत नाही. त्या आकड्यांचा अर्थ कोणी लावायचा, मर्यादा कोणी आखायची आणि ती नोंद कोणाला पाहता येईल, हे प्रश्न तांत्रिक नसून मालकी आणि सत्तेचे आहेत. ज्या नोंदीवरून यंत्राचे स्पिंडल निकामी होत आल्याचे महिनाभर आधी कळू शकते, तीच नोंद केवळ ऑपरेटरने यंत्र किती मिनिटे थांबवले हे मोजण्यासाठी वापरली जात असेल, तर दोष सेन्सरचा नाही.

आणि जुनी यंत्रे तरी कोठे संपली आहेत? मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान यंत्रशाळांत आजही कित्येक वर्षांची रेडियल मशीने तीन पाळ्यांत चालतात. वरचा कारखाना भागाची किंमत दरवर्षी खाली रेटतो. लहान मालक देखभाल पुढे ढकलतो. झिजलेले यंत्र चॅटर मारते. आणि या उतरंडीच्या तळाशी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराच्या पगारातून ड्रिलची किंमत वळती होते. वरच्या कारखान्याच्या चकचकीत ताळेबंदात ती कपात कोठेच दिसत नाही.

कामगाराकडून कधीच निष्काळजीपणा होत नाही काय? होतो. सोळा तास उभ्या असलेल्या माणसाचा हात चुकतो. ज्याला कोणी शिकवलेच नाही त्याचाही चुकतो. क्वचित कोणी खरोखर बेफिकीरही असतो. परंतु तसे असेल तर ते सिद्ध करावे लागते, गृहीत धरता येत नाही.

कायदा काय म्हणतो

हे केवळ नीतीचे बोलणे नाही. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ याने पगारातून होणाऱ्या कपातींना मर्यादा घातल्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहिता, २०१९ मध्येही ही तरतूद कायम आहे. चार श्रमसंहितांनी कामगारांचे इतर अनेक हक्क कुरतडले असले, तरी या बाबतीतील शब्द स्पष्ट आहेत. कामगाराच्या ताब्यात सांभाळण्यासाठी म्हणून स्पष्टपणे सोपवलेल्या वस्तूचे नुकसान झाले, आणि ते थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झाले, तरच कपात करता येते. तीही नुकसानीच्या रकमेहून अधिक नाही, आणि कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज नाही.

ड्रिल हे सांभाळून ठेवण्यासाठी दिलेले नसते. ते झिजण्यासाठीच दिलेले असते. कच्च्या तेलासारखा आणि विजेसारखाच तो उत्पादनाचा खर्च आहे. हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा: नुकसान ‘थेट’ कामगाराच्या कसुरीमुळे झाले असे म्हणायचे असेल, तर यंत्राचा ढिलेपणा, स्लीव्हचा रनआउट, धारेची असमानता, जॉबचा आधार आणि लादलेला वेग ही सारी कारणे आधी निकालात काढावी लागतील. कंपाचे शास्त्र येथे कामगाराचा साक्षीदार बनते. कोणत्याही प्रामाणिक चौकशीत ही साक्ष काढली तर बहुतेक मेमो पहिल्याच सुनावणीत गळून पडतील. म्हणूनच सुनावणी होत नाही. कंत्राटदाराच्या बिलातून रक्कम कापली जाते, आणि कंत्राटदार ती निमूटपणे कामगाराच्या पाकिटातून काढून घेतो.

संघटनांपुढील कार्य

या बाबतीत कामगार चळवळीनेही आत्मपरीक्षण करणे आवश्यक आहे. बोनस, महागाईभत्ता, बडतर्फी यांवर संघटना लढल्या; परंतु यंत्र आणि हत्याराचा प्रश्न हा ‘तांत्रिक’ म्हणून व्यवस्थापनाच्या हवाली करून टाकण्याची सवय आपल्यातही रुजली. तांत्रिक प्रश्न असा वेगळा काढताच येत नाही. फीडचा प्रत्येक आकडा हा श्रमाच्या तीव्रतेचा आकडा असतो. न बदललेले प्रत्येक बेअरिंग हे कामगाराच्या अंगावर ढकललेला खर्च असतो.

म्हणून प्रत्येक यंत्रशाळेतील संघटनेने काही मागण्या ठामपणे पुढे केल्या पाहिजेत. पहिली, ड्रिल मोडल्यास ते फेकून न देता जपून ठेवावे आणि कामगार प्रतिनिधीच्या उपस्थितीत त्याची व यंत्राची तपासणी व्हावी. तपासणीशिवाय मेमो नाही आणि कपातही नाही. दुसरी, प्रत्येक यंत्राच्या देखभालीची, स्पिंडलच्या रनआउटची, आणि सेन्सर असतील तेथे त्यांच्या नोंदींची वही कामगारांना खुली असावी. तिसरी, कठीण पोलादाच्या प्रत्येक कामावर पोलादाचा प्रकार आणि कठीणपणा लेखी कळवला जावा, आणि चॅटर सुरू झाल्यास फेरे बदलण्याचा किंवा यंत्र थांबवण्याचा अधिकार यंत्रावरील कामगाराला असावा. त्या थांबण्याचा वेळ उद्दिष्टातून वजा व्हावा. चौथी, धार लावण्यासाठी योग्य यंत्र आणि शिकलेला माणूस असावा. शिकाऊ उमेदवाराला ते काम प्रत्यक्ष शिकवले जावे. पाचवी, या सर्व गोष्टी कंत्राटी कामगारांना तितक्याच लागू असाव्यात, आणि कंत्राटदाराच्या बिलातून हत्यारांची किंमत कापण्याची प्रथा मुख्य मालकाने बंद करावी.

मागण्यांच्या बरोबरीने आणखी एक काम आहे, आणि ते मालकाकडे मागावे लागत नाही. अनुभवी फिटर आणि टर्नर यांनी संघटनेच्या कचेरीत, रविवारी, तरुण कामगारांना धारेचे, कंपाचे आणि झिजेचे शास्त्र शिकवावे. जळक्या ड्रिलकडे पाहून कारण ओळखणारा कामगार फोरमनच्या शेऱ्यापुढे मान खाली घालत नाही. तो सांगू शकतो, पाहा, कोपरे जळले आहेत, वेग जास्त दिला गेला. मधली कड चुरली आहे, धार चुकीची लावली गेली. एकच धार झिजली आहे, स्लीव्ह वाकडी आहे.

तेव्हा नोंदवहीतील त्या दोन शब्दांच्या जागी खरे कारण लिहावे लागेल, आणि ते लिहिताना सही व्यवस्थापनाला करावी लागेल.